बंद पडलेल्या बोरिंगमध्ये पाणी कुठून कुठे जातं? काचेच्या तारेने घेतलेला माग

प्रकाशवाट
२३ नोव्हेंबर, रात्री १०:०५

बोअरवेलला आम्ही इंदूरकर बोरिंग म्हणतो, या धाग्यातही तेच म्हणेन.

राजेंद्रनगरला आमच्या सोसायटीत दोन बोरिंग आहेत. एक बरी चालते. दुसरी चारशे फुटांची, पावसाळ्यानंतर भरलेली दिसते, पण जानेवारी उजाडला की पंप पाऊण तासात हवा ओढायला लागतो. गेल्या पावसाळ्यात कमिटीत ठरलं की गच्चीचं पाणी या दुसरीत सोडायचं, म्हणजे हार्वेस्टिंगही होईल आणि बोरिंगही जिवंत होईल. मी विचारलं, सोडलेलं पाणी जाणार कुठे? कोणालाच सांगता येईना. खोदणाऱ्याने किती फुटांवर काय लागलं याचा कागद कधी दिलाच नव्हता. पैसे घेतले, केसिंग (भोकाच्या वरच्या मऊ भागाला आधार देणारा पाइप) टाकलं, गाडी निघून गेली.

माझं काम ऑप्टिकल फायबरचं, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या काचेच्या बारीक तारेचं. तेलाच्या पाइपलाइनला लागून फायबर टाकतात आणि तिच्यातून तापमान मोजत गळती शोधतात, त्यातली मी. हीच तार बोरिंगमध्ये सोडून जमिनीखालच्या पाण्याचा प्रवाह मोजतात हे वाचलं होतं. ऑफिसची परवानगी काढून यंत्र दोन रात्रींसाठी घरी आणलं. जे दिसलं ते इथे लिहिते आहे, कारण इंदुरात अशा बोरिंग गल्लोगल्ली आहेत.

आधी तार कसं सांगते ते. यंत्र फायबरमध्ये लेझरचा अगदी छोटा स्पंद सोडतं. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो आणि वाटेत प्रत्येक ठिकाणाहून त्याचा कणभर अंश मागे फिरतो. एक मीटर पुढच्या जागेहून परतणारा प्रकाश सुमारे दहा नॅनोसेकंद उशिरा येतो, म्हणून वेळेवरून जागा कळते. मागे आलेल्या प्रकाशातला थोडा भाग काचेच्या रेणूंशी टक्कर घेऊन रंग बदलून आलेला असतो. हाच रामन परिणाम. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली कोलकात्यात तो दाखवला आणि १९३० चं नोबेल मिळवलं. बदललेल्या रंगांचे दोन भाग असतात. त्यातला ऊर्जा मिळवून आलेला भाग तापमानाबरोबर एका अंशाला साधारण पाऊण टक्का वाढतो, दुसरा जवळजवळ हलत नाही. दोघांचं गुणोत्तर म्हणजे त्या जागेचं तापमान. म्हणजे शंभर मीटरच्या तारेवर दर अर्ध्या मीटरला एक थर्मामीटर, आणि सगळे एकाच क्षणी वाचता येतात. एक-दोन मिनिटांची सरासरी घेतली की अंशाच्या दहाव्या भागापेक्षा लहान फरकही दिसतो.

तापमानावरून प्रवाह कसा कळतो, हा खरा प्रश्न. जमिनीत पंधरा-वीस मीटरखाली उन्हाळा-हिवाळा पोचत नाही. त्याखाली दर शंभर मीटरला अडीच-तीन अंश तापमान चढत जातं. बोरिंगमधलं पाणी स्तब्ध असेल तर त्यातही हीच चढण दिसायला हवी. पाणी वाहत असेल तर ते वरचं तापमान खाली किंवा खालचं वर घेऊन जातं आणि चढण पुसली जाते.

पहिल्या रात्री फक्त ऐकलं, म्हणजे तार सोडून गप्प बसलो. तारेच्या टोकाला लोखंडी वजन बांधलं. तारेचा वीस मीटरचा वेटोळा बर्फाच्या चुऱ्यात आणि दुसरा वेटोळा साध्या पाण्याच्या बादलीत ठेवला. दोन्हींत माशांच्या टाकीचा छोटा पंप लावून पाणी ढवळत ठेवलं आणि शेजारी अचूक थर्मामीटर ठेवला. हे केलं नाही तर यंत्राचे आकडे हळूहळू सरकत जातात आणि आपण सरकलेल्या आकड्यांवर निष्कर्ष काढत बसतो. बर्फाची लादी कारखान्यातून आणली होती. पोत्यात घालून बॅटने फोडायचं काम बिल्डिंगमधल्या मुलांनी आनंदाने केलं.

पाण्याची पातळी १४ मीटरवर होती. २१ मीटरपासून ८८ मीटरपर्यंत तापमान २६.३ ते २६.४. सरळ रेघ. एवढ्या अंतरात दीड अंश तरी चढायला हवं होतं. ८८ च्या खाली मात्र चढण सुरू झाली आणि तळाशी २८.६ पर्यंत गेली. म्हणजे २१ आणि ८८ च्या मधलं पाणी जागेवर थांबलेलं नव्हतं.

दुसऱ्या रात्री २५ मीटरवर एक किलोवॉटचा दोन मीटर लांब हीटर सोडला आणि फक्त पाच मिनिटं चालू ठेवला. तिथलं पाणी सुमारे एक अंश तापलं. मग ती गरम गाठ स्क्रीनवर सरकताना पाहत बसलो. ती खाली निघाली, मिनिटाला ४० सेंटीमीटर. दीड तासाने ६१ मीटरवर पोचली आणि तिथून मंद झाली, मिनिटाला ३० सेंटीमीटर. आणखी दीड तासाने ८८ मीटरवर येऊन नाहीशी झाली. पुढे गेलीच नाही.

बोरिंग साडेसहा इंची आहे, म्हणजे एका मीटरमध्ये सव्वाएकवीस लिटरच्या आसपास पाणी. गुणाकार करा. वरच्या भागात मिनिटाला साधारण साडेआठ लिटर पाणी खाली चाललं होतं. त्यातलं दोन लिटर ६१ वर खडकात शिरत होतं, उरलेलं ८८ वर. पंप बंद. कुणी उपसत नव्हतं. तरी दिवसाला बारा हजार लिटर, एक मोठा टँकर, वरच्या थरातून आमच्या 'मेलेल्या' बोरिंगमधून खालच्या थरात उतरत होता.

रात्री दोनला मी ६१ मीटर म्हणताच आमचे चौकीदार काका म्हणाले, "दोनशे फुटांना लाल गारा आला होता, मला आठवतं. कपडे खराब झाले होते माझे." ६१ मीटर म्हणजे बरोबर दोनशे फूट.

अण्णा_सुदामानगर
२३ नोव्हेंबर, रात्री ११:२०

ताई, वाचून अंगावर काटा आला. मी सत्तरी ओलांडलेला माणूस. लहानपणी आमच्या वाड्याच्या विहिरीला गणपतीत हात घालून पाणी घ्यायचो आणि होळीपर्यंत ते पुरायचं. "मालव माटी गहन गंभीर, डग डग रोटी, पग पग नीर" असं आजी म्हणायची ते खोटं नव्हतं. पुढे चारही बाजूंनी बोरिंग झाल्या आणि विहीर संक्रांतीलाच तळाला जायला लागली. आम्ही समजलो लोक उपसा फार करतात. न उपसताही पाणी जातं हे मला आज कळलं.

कातळवेडा
२४ नोव्हेंबर, सकाळी ७:४५

फार मोलाचं काम. खडकाच्या बाजूने थोडी भर घालतो.

इंदूर दख्खनच्या बेसाल्टवर बसलेलं आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे लाव्ह्याचे थर एकावर एक. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट काळा पाषाण, त्यात पाणी जवळजवळ नाही. वरचा भाग बुडबुड्यांचा, सच्छिद्र, त्याला आपण मांजऱ्या म्हणतो. दोन थरांच्या मध्ये पुष्कळदा लाल गेरूचा पट्टा असतो. एक लाव्हा थंड होऊन त्यावर माती बनली आणि दुसऱ्या लाव्ह्याने ती भाजली, तोच हा गेरू. पाणी असतं ते वरच्या मुरुमात, मांजऱ्यात, थरांच्या सांध्यांत आणि भेगांत. म्हणून बेसाल्टमध्ये 'पाण्याची पातळी' एकच नसते. प्रत्येक सांध्याची आपली वेगळी पातळी असते. खालचे सांधे वर्षानुवर्षं उपसले गेलेत, त्यांचा दाब उतरलाय. वरचा थर पावसाने भरतो, त्याचा दाब जास्त. मधला घट्ट पाषाण या दोघांना वेगळं ठेवत होता. बोरिंगने तो टोचला आणि केसिंग फक्त मुरुमापुरतं घातलं. खाली उघडा खडक. आता दोन्ही थरांत जिना झाला.

चौकीदार काकांचा लाल गारा म्हणजे गेरू. त्याच्या वरच्या-खालच्या सांध्यात पाणी शिरणं अगदी बसतं.

एक शंका. गरम पाणी हलकं होऊन वर जातं. मग तुमची गाठ प्रवाहाने सरकली की स्वतःच्या हलकेपणाने, हे कसं ठरवलंत?

प्रकाशवाट
२४ नोव्हेंबर, दुपारी १:१०

बरोबर जागेवर बोट ठेवलंत. म्हणूनच एक अंशावर थांबलो. जास्त तापवलं की पाणी वरखाली फिरायला लागतं आणि आपण स्वतःच केलेला गोंधळ मोजतो. इथे गाठ खाली गेली, म्हणजे हलकेपणाच्या विरुद्ध. प्रत्यक्ष प्रवाह थोडा जास्तच असेल, कमी नाही. गाठ वर सरकली असती तर मी एवढ्या खात्रीने लिहिलं नसतं.

दुसरी पद्धतही आहे. गाठीऐवजी पूर्ण खांबभर तापवायची तार सोडायची आणि पाणी कुठे लवकर थंड होतं ते पाहायचं. जिथे भेगेतून ताजं पाणी आडवं येतं तिथे उष्णता वाहून जाते, बाकी ठिकाणी रेंगाळते. हिशेब सांगते. दर मीटरला २० वॉट दिले तर साडेसहा इंची बोरिंगचं पाणी एक अंश तापायला सव्वा तास लागतो, तेही खडकात जाणारी उष्णता सोडून. शंभर मीटरला दोन किलोवॉट, म्हणजे घरातला गीझर. फक्त पाण्याच्या पातळीच्या वर जो कोरडा भाग असतो तिथे तापवायची तार येऊ द्यायची नाही, तिथे जाड तांब्याची जोडणी वापरायची. हवेत ती तार थंड व्हायला पाणी नसतं, जळून जाते.

फ्रान्समध्ये ब्रिटनीतल्या प्लोमर इथे भेगाळ खडकाच्या बोरिंगमध्ये तापवलेल्या तारेने उभा प्रवाह सतत मोजायचं काम झालं आहे. तारेचं तापमान आसपासच्या पाण्यापेक्षा किती वर राहतं यावरून वेग काढतात. वाऱ्यात चहा लवकर निवतो, तेच तत्त्व.

जोडणीवाला
२४ नोव्हेंबर, रात्री ८:३०

मी टेलिकॉममध्ये फायबर जोडतो. तुम्ही सांगितलेला स्पंद आणि परतणारा प्रकाश म्हणजे आमचं ओटीडीआरच झालं की! तार कुठे तुटली ते आम्ही असंच शोधतो. घरी इंटरनेटची उरलेली तार पडून आहे, ती चालेल का?

प्रकाशवाट
२४ नोव्हेंबर, रात्री ९:००

हो, भावंडंच आहेत ती. ओटीडीआर परतलेल्या प्रकाशाची एकूण ताकद पाहतं, आमचं यंत्र त्यातले रंग वेगळे करून पाहतं. पण रंग बदललेला प्रकाश फार क्षीण असतो, म्हणून बहुतेक यंत्रांना जाड गाभ्याची मल्टिमोड तार लागते. इंटरनेटची तार सिंगलमोड, म्हणजे बारीक गाभ्याची असते, तिच्यावर अंतर लांब मिळतं पण तापमानातले बारीक फरक वाचणं अवघड. आणि बोरिंगसाठी तार पाण्यात टिकणारी, पोलादी नळीत बसवलेली हवी. तुमच्यासारख्या जोडणी येणाऱ्या माणसाची मात्र फार गरज असते. टोकाला तळाशी दोन तारा नीट जोडून वळवल्या तर दोन्ही बाजूंनी मोजता येतं आणि तारेमुळे येणारी चूक सुधारता येते. आमची तळाची जोडणी पहिल्यांदा फसली, तासभर गेला.

बडोदेकर
२५ नोव्हेंबर, सकाळी ११:१५

बडोद्याहून लिहितोय. आमच्याकडे काळा पाषाण नाही, गाळाची जमीन. वाळू, चिकणमाती, पुन्हा वाळू. शहराला पाणी मही नदीच्या पात्रातल्या फ्रेंच विहिरींतून (वाळूत आडव्या नळ्या पसरलेल्या विहिरी) आणि सयाजीराव महाराजांच्या आजवा तलावातून येतं, तरी सोसायट्यांच्या बोअर आहेतच. आमच्या बोअरमध्ये पूर्ण उंचीचा पाइप असतो, मध्ये मध्ये भोकांचा, आणि पाइप व जमिनीच्या मध्ये बारीक खडी भरलेली. मग पाणी पाइपच्या आत न येता त्या खडीतूनच उभं खाली गेलं तर तुमच्या तारेला दिसेल का?

प्रकाशवाट
२५ नोव्हेंबर, दुपारी २:४०

आतल्या तारेला धूसर दिसेल. गाळाच्या जमिनीत तार पाइपच्या बाहेर, खडीतच पुरून ठेवणं चांगलं, म्हणजे बोअर खोदतानाच ठरवावं लागतं. नंतर करायचं तर मातीत थेट दाबून घालायची पद्धत आहे, पण बेसाल्टमध्ये ती अशक्य आणि बडोद्याला शक्य! आमच्या उघड्या खडकात आतली तार पुरते.

उघड्या बोरिंगची एक मर्यादा मात्र आहेच. आम्ही जे मोजलं तो बोरिंगने घडवलेला प्रवाह आहे, बोरिंग नसती तर खडकात पाणी कसं हललं असतं हे नाही. कॅनडात ग्वेल्फ विद्यापीठातल्या लोकांनी त्यावर उपाय म्हणून बोरिंगमध्ये लवचीक पिशवीसारखं अस्तर फुगवून भिंती बंद केल्या आणि मग आतून तापवून पाहिलं. उभा प्रवाह थांबला की भेगांचा खरा, नैसर्गिक प्रवाह दिसतो.

ग्वाल्हेरची_सून
२५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:०५

माझा प्रश्न साधा आहे. मग गच्चीचं पाणी तुम्ही त्या बोरिंगमध्ये सोडलंत की नाही? आमच्याकडेही तोच विषय चाललाय.

प्रकाशवाट
२५ नोव्हेंबर, रात्री १०:३०

नाही सोडलं. आणि हा धागा त्याच एका गोष्टीसाठी काढला.

आमच्या बोरिंगमध्ये वरून घातलेलं सगळं काही तीन-चार तासांत २०० आणि २८९ फुटांच्या भेगांत जातं. पाणी स्वच्छ असेल तर स्वच्छ, कबुतरांची घाण असेल तर ती, पार्किंगमधलं तेल असेल तर तेही. वाटेत माती नाही, वाळू नाही, गाळणारं काहीच नाही. त्या भेगा पुढे कोणाच्या बोरिंगला जोडल्या आहेत ते आम्हाला माहीत नाही. मुरुमातून पाणी झिरपत गेलं तर ते हळू जातं, त्यातली घाण मातीत अडकते. बोरिंग हा आडरस्ता आहे. खोल भेगेत एकदा घाण गेली की ती काढायचा सोपा मार्ग नाही, आणि तेच पाणी मे महिन्यात टँकर भरून कुणीतरी पिणार आहे.

आणि जे बोरिंग रोज बारा हजार लिटर स्वतःहून खाली नेतंय, त्याला आणखी भरून वरच्या थराचा काय फायदा? वरचा थर भरायचा असेल तर उथळ खड्डा हवा, मुरुमापर्यंतच, वाळू-खडीचा, पहिल्या पावसाचं पाणी बाहेर टाकणारा. कमिटीने तो मंजूर केला. बोरिंगबद्दल माझा आग्रह आहे की ३० ते ५५ मीटरचा भाग चिकणमाती आणि सिमेंटने बंद करावा, म्हणजे मधला घट्ट पाषाण पुन्हा दार लावेल. त्यावर अजून मतभेद आहेत. काहींना वाटतं पैसे घालून खोदलेली बोरिंग आपण बुजवतोय. मला ते दुःख कळतं. पण आमचं नर्मदेचं पाणी जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर, घाट चढवून आणलेलं असतं. पायाखालचा टँकर रोज गमावून वर तेच विकत घ्यायचं, हे मला पटत नाही.

पोहेजिलेबी
२६ नोव्हेंबर, सकाळी ९:५०

आमच्यासारख्यांनी काय करायचं? एवढं यंत्र आणायचं कुठून?

प्रकाशवाट
२६ नोव्हेंबर, रात्री ९:१५

यंत्र लाखांतलं आहे, ते घरी मागवायचं नाही. सुरुवात दोरी आणि थर्मामीटरने करा. दशांश दाखवणारा, पाण्यात चालणारा, लांब वायरचा सेन्सर घ्या. पंप निदान एक दिवस बंद हवा. वरून खाली जा, खालून वर नको, नाहीतर सेन्सर स्वतःच पाणी ढवळतो. दर दहा फुटांना थांबा, आकडा स्थिर होईपर्यंत दोन-तीन मिनिटं, आणि लिहून ठेवा. शेवटी सगळं वर काढून घरी आलात की आलेख काढा. सरळ रेघ लांब दिसली आणि मग अचानक उडी, तर तिथे पाणी बाहेर जातंय असा संशय घ्यायला जागा आहे.

खात्री करायला मीठ. बागेचा लांब पाइप तळापर्यंत सोडायचा, त्यात मिठाचं पाणी भरायचं आणि पाइप सावकाश वर ओढायचा, म्हणजे मीठ खांबभर सारखं पसरतं. माझ्या बोरिंगएवढ्या पाण्याला अर्धा किलो पुरे. मग पाण्याची विद्युतवाहकता मोजणारा ईसी मीटर दर तासाला खाली सोडायचा. जिथे खारटपणा आधी उतरतो, तिथून ताजं पाणी येतंय. पंपाचा केबल आणि दोरी एकमेकांत अडकू देऊ नका, माझा एक सेन्सर अजून खालीच आहे.

कातळवेडा
२६ नोव्हेंबर, रात्री ९:५०

एक जोडतो. नवीन बोरिंग करत असाल तर दर दहा फुटांचा चुरा छोट्या पिशव्यांत भरून, फूट लिहून ठेवायला सांगा. खर्च शून्य. काळा, मांजऱ्या, लाल, पुन्हा काळा. तो क्रम हातात असेल तर तारेचं वाचन दहा मिनिटांत समजतं.

अण्णा_सुदामानगर
३० नोव्हेंबर, संध्याकाळी ७:२५

ताई, नातवाला हाताशी घेऊन शेजारच्या बंद बोरिंगमध्ये मोजलं. पंप काढून चार वर्षं झालीत. पाणी ३२ फुटांवर. ४० फूट २६.२, १०० फूट २६.३, १५० फूट २६.३, २१० फूट २६.४. मग २४० ला एकदम २७.३. २७० ला २७.६, ३०० ला २७.८. नातवाने तीनदा मोजलं, तेच आलं.

प्रकाशवाट
३० नोव्हेंबर, संध्याकाळी ७:५०

अण्णा, २१० आणि २४० च्या मध्ये दर पाच फुटांना पुन्हा मोजा, पण उद्या सकाळी. आज पाणी तीनदा ढवळलं गेलंय. रविवारी मी मीठ, पाइप आणि ईसी मीटर घेऊन येते. शेजाऱ्यांना विचारून ठेवा, त्यांच्या विहिरीत आत्ता पाणी किती फुटांवर आहे.

अण्णा_सुदामानगर
३० नोव्हेंबर, रात्री ८:१०

विहीर आमचीच. आत्ता १८ फुटांवर आहे, दोन आठवड्यांपूर्वी १४ वर होती. या रविवारी, नक्की या.